सवेंगने धाकटा कॅमेरा का घेतला

सवेंग कमी बोलायचा, आणि त्याच्या या कमी बोलण्याची थायलंडमधल्या फित्सानुलोकच्या ताईतवाल्यांत मोठी ख्याती होती. जुन्या मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर तीस-पस्तीस टेबलं मांडून हे ताईतवाले बसतात. बोटाच्या पेराएवढ्या मातीच्या नाहीतर पितळेच्या बुद्धमूर्ती, डोळ्याला भिंग लावून वाकलेली माणसं, आणि प्रत्येकाच्या तोंडाचा पट्टा सुरू. त्या गलक्यात जिन्याजवळच्या चार फुटी गाळ्यात सवेंग बसायचा. टेबलावर एक उभा दांडा, त्याला खाली तोंड करून टांगलेला कॅमेरा, दोन बाजूंना दोन दिवे आणि दिव्यांपुढे पातळ पांढरा कागद. ताईत आला की तो आधी हात जोडायचा, मग ताईत काळ्या काचेवर ठेवायचा आणि चकार शब्द न काढता फोटो घ्यायचा.

या धंद्यात फोटोवाल्याने ताईताबद्दल बोलायचं नसतं. खरा की खोटा, शंभर वर्षांचा की परवाचा, ते देणारा जाणे नि घेणारा जाणे. ताईत विकला म्हणत नाहीत, भाड्याने दिला म्हणतात. बुद्धाची किंमत कोण करणार? पण भाड्याने दिलेला ताईत कोणी परत मागत नाही, हेही सगळ्यांना माहीत असतं. तर बोलायचं नाही, हा नियम सवेंगने तीस वर्षं पाळला. गंमत अशी की न बोलणाऱ्या माणसाच्या शब्दाला सगळ्यात जास्त वजन आलं. चिआंगमाईचं गिऱ्हाईक फोनवर विचारायचं, "फोटो कोणी काढलाय?" आणि "लुंग सवेंगनी" असं उत्तर आलं की व्यवहार पक्का. लुंग म्हणजे काका. पन्नाशी ओलांडल्यापासून तो अख्ख्या मजल्याचा लुंग झाला होता. आपण कशाचीच हमी दिलेली नाही हे सवेंगला पुरतं ठाऊक होतं. पण लोक हमी समजतात हे त्याला मनातून आवडायचंही. एवढं आधीच कबूल केलेलं बरं.

फेब्रुवारीत त्याच्या जुन्या कॅमेऱ्याने मान टाकली. अकरा वर्षं दिवसाला साठ-सत्तर फोटो काढून शटर झिजलं होतं. दर तिसरा फोटो अर्धा काळा येऊ लागला. वेळ वाईट होती, कारण मार्चअखेर जिल्ह्याची ताईतस्पर्धा, जिथे पंच खोटे ताईत बाद करून खऱ्यांतला सरस निवडतात, आणि स्पर्धेआधीचा महिनाभर गाळ्यापुढे रांग लागते. लेन्स उत्तम होती. अगदी जवळून, मूर्तीचं नाक खिडकीएवढं दाखवणारी. ती बदलायची नव्हती. फक्त त्या लेन्सला जुळणारी नवी बॉडी घ्यायची होती, आणि ती याच एका कामासाठी. तिला ना लग्नात जायचं होतं ना सहलीला. जन्मभर दांड्याला उलटं लटकून खालच्या काचेकडे बघायचं होतं.

सवेंग कधी नव्हे ते दुसऱ्यांना विचारायला लागला, मग काय, सगळ्यांना कंठ फुटला.

"लुंग, मेगापिक्सेल बघा, बाकी सगळं झूट," नोप म्हणाला. नोप शेजारच्या टेबलाचा ताईतवाला, चाळिशीचा, गळ्यात नऊ ताईत आणि पोट त्यांच्याही पुढे.

"तुझी गिऱ्हाइकं फोनच्या चार बोटांच्या पडद्यावर बघतात. तुला मेगापिक्सेल कशाला?"

"शोभेला! तुम्ही केस काळे करता ते कशाला?"

सगळा मजला हसला, सवेंगसुद्धा. जिन्याच्या तोंडाशी लमायची कॉफीची गाडी होती, तिथून तिचं हसणं सगळ्यात मोठं आलं. लमाय पंचावन्नची, बुटकी, खणखणीत आवाजाची. ती ओलियांग करायची, कापडी गाळणीतून गाळलेली काळी, गोड, बर्फाची कॉफी. सवेंगला ती फी म्हणायची, थोरल्या भावाला म्हणतात तसं. त्याच्या ग्लासात साखर कमी आणि बर्फ जास्त हे तिला सांगावं लागत नसे. दुपारचं जेवण दोघं तिच्याच गाडीच्या मागे बसून करत. सवेंगची बायको गेली त्या वर्षी तिने तीन महिने त्याला रोज डबा आणला, आणि डबा परत देताना तो रिकामा आहे की नाही हे झाकण उघडून पाहिलं.

कॅमेऱ्याच्या दुकानाची मालकीण जे हुई, म्हणजे हुईताई. चिनी घरातली, हिशेबी, पण सवेंगवर तिचा विश्वास. तिने त्याला दोन कॅमेरे एका दिवसासाठी वापरून बघायला दिले. एक थोरला आणि एक धाकटा.

"थोरला घ्या, लुंग," ती म्हणाली. "तुमच्यासारख्यांच्याच कामासाठी आहे तो. सेन्सर मोठा. शटरचा धक्का नाही, त्यामुळे दांडा थरथरत नाही. मूर्तीचं नाक साफ आलं की कान धूसर येतात ना तुमचे? हा आपला आपण फोकस सरकवत वीस फोटो काढतो, ते एकावर एक जोडले की नाकापासून कडेपर्यंत सगळं लख्ख. धाकटा आहे ठीक. रंग उबदार येतात. पण तुम्ही थोरलाच घेणार, मला माहितेय."

सवेंगलाही तेच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने थोरला दांड्याला लावला. प्रयोग कशावर करायचा म्हणून तो स्वतःच्या गळ्यातला ताईत काढू लागला, तेवढ्यात लमाय हात पुसत आली.

"तुमचा ठेवा बाजूला. माझ्या या ताईतावर करा. मला तसाही फोटो हवाय. यंदा मी स्पर्धेत उतरवतेय त्याला."

सवेंगचा हात तिथेच थांबला.

हा ताईत कुठून आला ते त्याला चांगलं माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी याच मजल्यावर हिया क्वांग नावाचा जाडजूड दलाल बसायचा. नदीकाठच्या देवळातल्या, कधीच वारलेल्या एका महाराजांनी स्वतः माती मळून केलेला ताईत म्हणून त्याने हा सवेंगकडे फोटोला आणला होता. सवेंगने लेन्समधून पाहिलं आणि त्याला कड दिसली. महाराजांचे ताईत ओल्या मातीत चाकूने कापलेले असतात, कडेला चाकू ओढल्याच्या रेघा असतात. याच्या कडेला बारीक बारीक बुडबुडे होते, रबरी साच्यातून काढलेल्या मालाला असतात तसे. त्याने मान वर केली. हिया क्वांगने त्याच्याकडे पाहिलं आणि सहज म्हणाला, "उजवीकडचा दिवा जरा खाली घे की." सवेंगने दिवा खाली घेतला. कड सावलीत गेली. फोटो सुंदर आला. चार दिवसांनी एका अनोळखी बाईने आईची सोन्याची साखळी मोडून तो ताईत आपल्या ट्रकवाल्या नवऱ्यासाठी भाड्याने घेतला. पुढच्या वर्षी तीच बाई जिन्याच्या तोंडाशी कॉफीची गाडी लावून उभी राहिली, आणि नवऱ्याने ट्रक सोडल्यावर आपल्या गळ्यात आलेला तोच ताईत दाखवत सवेंगला म्हणाली, "तुमचा फोटो बघूनच घेतला हो मी."

हिया क्वांग चार वर्षांपूर्वी वारला. सवेंग त्याच्या अंत्यविधीला गेला होता. आता हे जाणणारं दुसरं कोणी उरलं नाही, असं त्याच्या मनात आलं होतं आणि त्याला हायसं वाटलं होतं. मेलेल्या माणसापुढे बसून हायसं वाटून घेण्याची त्याला नंतर लाज वाटली, पण ती त्याने गिळली.

"काढा ना, फी. काय झालं? नमस्कारच करत राहणार का?"

नाही म्हणायला काही कारण सापडेना. सवेंगने बटण दाबलं. कॅमेऱ्याने टिक टिक करत वीस फोटो घेतले, संगणकाने ते जोडले आणि पडदा भरून मूर्ती उभी राहिली. नोपही उठून आला होता. "आयला," तो म्हणाला. मूर्तीच्या मांडीवरचा मातीचा कण न् कण दिसत होता. अजून फोटोचा मधलाच भाग पडद्यावर होता. नोपने माऊसकडे हात नेला. "खाली घ्या, कड बघू या. खरी मजा कडेलाच असते."

फोटो जोडले जात असतानाच सवेंगने एका नजरेत कड पाहिली होती. दिवा कुठेही ठेवला असता तरी या कॅमेऱ्याने ती दाखवलीच असती. बुडबुडे मोजून घ्यावेत इतके स्वच्छ होते. त्याने पडदा बंद केला.

"रंग बरोबर नाही," तो म्हणाला.

"रंग? रंग तर झकास होता!"

"मातीचा रंग मेला यात. राख वाटते. थोरला नको."

नोपने लमायकडे पाहिलं, लमायने खांदे उडवले. "त्यांना कळतं ते आपल्याला कळतं का?" ती म्हणाली. सवेंगने थोरला उतरवला, धाकटा चढवला. वीस फोटोंच्या भानगडीत तो पडला नाही, एकच घेतला. आणि घेण्याआधी त्याने उजवीकडचा दिवा जरा खाली केला. या खेपेला सांगायला कोणी नव्हतं. हात आपणहून गेला.

फोटो उबदार आला, मधासारखा. लमाय हरखली. "बघ नोप, हा खरा रंग! माझा महाराज कसा हसतोय बघ." तिने तो फोटो वहीच्या पानाएवढा छापून मागितला.

संध्याकाळी सवेंगने थोरला परत दिला. जे हुईने चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "लुंग, खरं सांगा. पैशाचं असेल तर हप्त्याने द्या."

"पैशाचं नाही. जड आहे. दांडा वाकतो."

"सकाळी फोनवर रंग म्हणालात."

"रंग पण."

तिने चष्मा परत चढवला आणि थोरला खोक्यात घातला. सवेंगच्या कानाच्या पाळ्या तापल्या. साठ वर्षांचा माणूस शाळेतल्या पोरासारखी थाप मारत होता, आणि तीही धड जमत नव्हती.

प्रकरण एवढ्यावर मिटलं असतं तर ते त्याचं त्याच्यापाशी राहिलं असतं. पण सवेंगने थोरला नाकारला ही बातमी मजलाभर झाली. नोपने धाकटा घेतला. पलीकडच्या दोघांनी घेतला. सुखोथाईच्या एका फोटोवाल्याने थोरल्याची आगाऊ दिलेली रक्कम परत मागितली, कारण "लुंग सवेंग म्हणतात त्यात मातीचा रंग मरतो." लोक येऊन त्याला सांगायचे, "लुंग, वाचवलंत हो आम्हाला." सवेंग मान डोलवायचा. आतून त्याला इतकं ओशाळवाणं व्हायचं की त्याने जेवायच्या वेळी कामाचं निमित्त काढून गाळ्यातच बसायला सुरुवात केली.

लमायला सांगावं असं त्याला वाटलं नाही असं नाही. तीनदा तो ठरवून गेला. पहिल्यांदा तिने नवऱ्याच्या अपघाताची गोष्ट काढली. लोमसाकच्या घाटात ट्रक उलटला होता, क्लीनरचा पाय गेला, नवऱ्याला ओरखडा नाही, आणि त्याच्या गळ्यात तेव्हा हाच ताईत. ही गोष्ट सवेंगने पन्नासदा ऐकली होती. पन्नासदा ती ऐकताना त्याने स्वतःची समजूत घातली होती की श्रद्धा तिची आहे, फळ तिला मिळालं आहे, मग आपण मध्ये कोण? ही समजूत फार सोयीची होती. दुसऱ्यांदा गेला तेव्हा नोप तिथे बसला होता. तिसऱ्यांदा, स्पर्धेच्या दोन दिवस आधी, तिने त्याच्यापुढे कापडाचे दोन तुकडे धरले.

"स्पर्धेसाठी ब्लाउज शिवतेय. निळा की पिवळा?"

"लमाय, स्पर्धेचं म्हणशील तर..."

"काय?"

"पिवळा," सवेंग म्हणाला.

स्पर्धा जिल्ह्याच्या सभागृहात रविवारी सकाळी भरली. शंभरएक टेबलं, प्रत्येक टेबलावर एका जातीचे ताईत, मागे तीन-तीन पंच भिंगं लावून बसलेले. बाद झालेला ताईत पंच शांतपणे प्लास्टिकच्या पुडीत घालून परत सरकवतात. कारण सांगत नाहीत, आणि शहाणा माणूस विचारत नाही. पुडी खिशात घालतो आणि मुकाट्याने नूडल्स खायला निघून जातो. पण लमायला ही रीत कुठे ठाऊक होती? ती पहिल्यांदाच आली होती.

सवेंगचं फोटोचं टेबल तिथून वीस पावलांवर होतं. त्याने ती पिवळ्या ब्लाउजमधली पाठ पाहिली. पुडी परत सरकवलेली पाहिली. मग तिचा आवाज सभागृहभर गेला.

"परत म्हणजे? का परत?"

पंच म्हातारा होता, सभ्य होता. "बाई, आमच्या नजरेला पटला नाही."

"नजरेला नाही पटला? मग हा बघा!" तिने पिशवीतून काच लावलेली चौकट काढली. "हा फी सवेंगचा फोटो आहे. नाव ऐकलंय ना? तीस वर्षं फोटो काढतात ते. त्यांच्या कॅमेऱ्यापेक्षा तुमचं भिंग मोठं का?"

रांगेतले लोक वळून बघू लागले. पंचाने चौकट हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. "फोटो सुरेख आहे," तो म्हणाला. "सवेंगचाच आहे, शंका नाही. पण कड कुठाय? इतका चांगला फोटोवाला कडेवर सावली कशाला पाडेल? विचारा बरं त्याला. इथेच असेल तो."

लमाय वळली आणि सभागृहभर नजर फिरवत त्याला शोधू लागली. सवेंग टेबलावरचा ताईत तसाच टाकून उठला आणि मागच्या दाराने शौचालयात गेला. आतून कडी लावली. बाहेर गिऱ्हाईक त्याच्या नावाने हाका मारत होतं. भिंतीवरच्या आरशात त्याला स्वतःचं तोंड दिसत होतं. त्याने नळ सोडला आणि नुसताच सोडून ठेवला. एक बाई शंभर माणसांत त्याच्या नावाने भांडत होती, आणि तो नळ सोडून उभा होता. आपण किती हलके आहोत हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा नेमकं कळलं. अर्ध्या तासाने तो बाहेर आला तेव्हा ती निघून गेली होती.

सोमवारी मजल्यावर सगळे लमायशी नको इतकं गोड बोलत होते. तिने गाडी लावली, पाणी उकळलं, चारचौघांची कॉफी केली. मग एक ग्लास घेऊन ती सवेंगच्या गाळ्यात आली. साखर कमी, बर्फ जास्त. ग्लास ठेवला आणि समोरच्या स्टुलावर बसली. ती रागावलेली नव्हती, रात्रभर रडलेलीही दिसत नव्हती. तिला फक्त विचारायचं होतं.

"फी, पंच म्हणाले कडेवर सावली का. मी म्हटलं, असेल काही तरी फोटोतली खुबी. काय खुबी आहे, सांगा ना. मी त्यांना जाऊन सांगेन."

म्हणजे अजूनही तिचा त्याच्यावर विश्वास होता. अजूनही एक थाप मारली असती तर खपली असती, आणि सवेंगला ती सुचलीही. मातीच्या रंगासाठी सावली लागते म्हणायचं, बस. ती उठून गेली असती आणि त्या म्हाताऱ्या पंचाशी पुन्हा भांडली असती.

"खुबी नाही," तो म्हणाला. "ताईत खोटा आहे. साच्यातला. कडेला बुडबुडे आहेत, ते दिसू नयेत म्हणून दिवा खाली घेतला."

लमायने गळ्यातला ताईत मुठीत धरला. "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशीच. अकरा वर्षांपूर्वी. हिया क्वांगने दिवा खाली घ्यायला सांगितला आणि मी घेतला. फोटोवाल्याने बोलायचं नसतं म्हणून..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. तीस वर्षं पुरलेला नियम तोंडातून बाहेर येताना त्यालाच घाणेरडा वाटला. "मी तुझे पैसे देतो, लमाय. साखळीचे. सगळे."

तिने ते ऐकलंच नाही. ती दांड्याला टांगलेल्या धाकट्या कॅमेऱ्याकडे बघत होती.

"तो दुसरा, थोरला," ती सावकाश म्हणाली. "ज्यात मातीचा रंग मरतो म्हणालात. त्यात कड दिसली असती?"

"दिसली होती."

"म्हणून परत दिलात."

"हो."

"म्हणजे नोपने, त्या सुखोथाईवाल्याने, सगळ्यांनी हा घेतला तो..."

"हो."

लमाय उठली. स्टूल जिथून ओढलं होतं तिथे परत ठेवलं. जिन्यावरून कोणीतरी कॉफीसाठी हाक मारली, तिने "आले" म्हणून उत्तर दिलं. मग ती वळली आणि अगदी हळू आवाजात बोलली, इतक्या हळू आवाजात की हा तिचा आवाज आहे हे त्याला क्षणभर कळेना.

"पहिल्या खेपेला तुम्ही मला ओळखत नव्हता, फी. कोण कुठली बाई. ते मी सोडून देते. पण दुसऱ्या खेपेला तर ओळखत होता ना?"

सवेंगने तिच्याकडे बघायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही. त्याने खाली बघूनच मान हलवली. हो, ओळखत होतो.